डिलिव्हरीचं काम धरून ठेवायचं की सोडायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रायडरसाठी हिशेबाची पद्धत

हे काम सोडणारे बरेच जण भांडणाच्या दिवशीच सोडतात. टीएल (टीम लीडर) काहीतरी बोलतो, न केलेल्या चुकीचे पैसे कापले जातात, बॅग हबवर टाकून पोरगा घरी येतो. मग शेवटच्या आठवड्याचं पेआउट, बॅगेचं डिपॉझिट आणि कॅशचा हिशेब असं सगळंच अडकतं. जे राहतात त्यांच्यातले कित्येक जण गाडी किती खाते हे कधी न मोजता वर्षानुवर्षं राहतात. दोघांचीही चूक एकच, निर्णय आधी होतो आणि मोजणी नंतर. खालचा क्रम उलटा आहे. आधी पुरावे, मग चौदा दिवसांची वही, मग तक्रार, आणि त्यानंतर निर्णय.

पुरावे आधी

कारखान्यातल्या कामगाराला नसलेली एक अडचण रायडरला असते. त्याच्या कामाची सगळी नोंद कंपनीच्या ॲपमध्ये असते. आयडी ब्लॉक झाली की जुनी पेआउटं, ऑर्डरी, कपाती काहीच उघडत नाही, आणि भांडायचं म्हटलं तर हातात कागद नसतो. म्हणून सोडायचा विचार पक्का झालेला नसतानाच एक दुपार काढून पुढच्या गोष्टी गोळा करा. गेल्या तीन महिन्यांची आठवडावार पेआउटं, प्रत्येक कपातीचा तपशील, सध्याचं रेट कार्ड, इन्सेंटिव्हच्या अटींचं पान, जॉइन होताना मान्य केलेला करार, नाव आणि रायडर आयडी दिसणारं प्रोफाइल, आणि टीएलबरोबरचं व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसली पाहिजे. पान सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर आणखी बरं, मधलं काही गाळलं असं मग कोणाला म्हणता येत नाही. हे सगळं स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नुसतं फोनमध्ये ठेवून भागत नाही, जून-जुलैत फोनमध्ये पाणी जायला एक सर पुरते.

जुनं रेट कार्ड विशेष जपा. दर कमी होताना सहसा एकदम मोठा कमी होत नाही. किलोमीटरमागे थोडा, पावसाच्या भत्त्यात थोडा, असा तो झिजत जातो. दोन कार्डं शेजारी ठेवली तरच ते दिसतं.

हॉटेल, औषधांचा डिस्ट्रिब्युटर, गॅस एजन्सी किंवा कुरिअरच्या फ्रँचायझीकडे महिन्याच्या पगारावर असाल तर बहुधा नेमणुकीचं पत्रच नसतं. तुमचा पुरावा वेगळा. बँकेत जमा झालेला पगार, हजेरी वहीचा फोटो, तुमचं नाव असलेली चलनं, मालकाचे 'आज इकडं जा' असे मेसेज, ओळखपत्र. पगार रोख मिळत असेल तर मिळाल्याच्या दिवशीच मालकाला 'अमुक महिन्याचे इतके रुपये मिळाले' असा मेसेज टाकायची सवय लावा. त्याने नुसता अंगठा दाखवला तरी नोंद झाली.

चौदा दिवसांची वही

कुठलेही चौदा दिवस चालत नाहीत. गणपतीचे दहा दिवस धरू नका. रस्ते बंद असतात, ऑर्डरी वेड्यावाकड्या येतात. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असताना गावात बाहेरची माणसं भरलेली असतात, तोही काळ फसवा. कॉलेजांना सुट्टी लागली की टिळकवाडी आणि नेहरूनगरच्या ऑर्डरी उतरतात. साधे दोन आठवडे घ्या, दोन रविवार त्यात आले पाहिजेत.

रोज एक ओळ लिहा. घरातून निघाल्याची आणि घरी परतल्याची वेळ, निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरचा आकडा (फोटो काढा), ऑर्डरींची संख्या, ऑर्डरींचे पैसे, इन्सेंटिव्ह, टिप, कपात, पेट्रोल. इन्सेंटिव्ह आणि टिप ऑर्डरीच्या पैशांत मिसळू नका. का ते पुढं कळेल.

ॲपमध्ये दिसणारे तास आणि किलोमीटर या वहीत घ्यायचे नाहीत. हॉटेलच्या दारात पार्सल होईपर्यंतची वीस मिनिटं, दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी जाईपर्यंतचं थांबणं, ऑर्डर न येता क्रॉसवर बसून काढलेला तास, हे तुमच्या आयुष्यातले तास आहेत, ते मोजा. किलोमीटरचंही तसंच. खानापूर रोडवरून मच्छेकडे किंवा हिंडलगा ओलांडून सुळग्याकडे ऑर्डर गेली की परत रिकामं यावं लागतं. येण्याचं पेट्रोल बहुतेक वेळा तुमच्याच खिशातलं असतं आणि ते फक्त गाडीच्या मीटरवर दिसतं.

एक किलोमीटर कितीला पडतो

संध्याकाळी पेट्रोल वजा करून उरलेल्याला बहुतेक जण कमाई म्हणतात. खरी गळती त्याच्या खाली आहे.

पेट्रोल मोजताना कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज विसरा. टाकी फुल्ल करा, मीटर लिहा, तीन-चार दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. साठ देणारी गाडी गल्लीबोळात, सतत थांबत-सुटत, चाळीस-पंचेचाळीसवर येते. चाळीस धरलं आणि हिशेब सोपा जावा म्हणून लिटरला १०० रुपये धरले, तर किलोमीटरला २.५० रुपये.

मग देखभाल. दर ३,००० किलोमीटरला ऑइल, फिल्टर आणि सर्व्हिसिंग मिळून ९०० रुपये धरले तर किलोमीटरला ३० पैसे. मागचा टायर १,८०० चा, १५,००० किलोमीटर चालला तर १२ पैसे. पुढचा टायर ६ पैसे. १,५०० चं चेन-स्प्रॉकेट २०,००० ला बदललं तर ७-८ पैसे. ब्रेक ४ पैसे, क्लच प्लेट, केबल, बल्ब, पंक्चर मिळून १० पैसे. बेरीज सुमारे ७० पैसे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या मेकॅनिककडच्या पावत्या काढून तुमचे घाला.

सगळ्यात मोठा आणि कधीच न लिहिलेला खर्च गाडीच्या झिजण्याचा. ९०,००० ची गाडी ८०,००० किलोमीटर पळवून २५,००० ला विकली तर ६५,००० रुपये रस्त्यावर गेले, म्हणजे किलोमीटरला ८१ पैसे. रोज ११० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस पळाली तर महिन्याला २,८६० किलोमीटर होतात आणि ८०,००० चा आकडा अठ्ठावीस महिन्यांत येतो. गाडीचा हप्ता छत्तीस महिन्यांचा असेल तर शेवटचे आठ हप्ते म्हाताऱ्या गाडीचे भरावे लागतात. हप्ता आहे म्हणून काम सोडता येत नाही असं सांगणाऱ्याने हे गणित आधी करावं, कारण तो हप्ता फेडणारी गाडीच या कामात संपत असते.

एकूण २.५० अधिक ०.७० अधिक ०.८०, म्हणजे किलोमीटरला चार रुपये.

आता नमुन्याचा एक दिवस घ्या. अकरा तास, २२ ऑर्डरी, ८२० रुपये, ११० किलोमीटर. गाडीचे ४४० गेले, फोन-रिचार्जचे १५ गेले, उरले ३६५. तासाला ३३ रुपये. त्याच दिवशी २०० चा इन्सेंटिव्ह बसला असता तर ५६५, म्हणजे तासाला ५१. इन्सेंटिव्ह वेगळा लिहायचा तो यासाठी. वही संपल्यावर दोन आकडे काढा, इन्सेंटिव्हसकट तासाचा आणि इन्सेंटिव्ह वगळून तासाचा. दोन्हींत फार अंतर असेल तर तुमची कमाई दरावर उभी नाही, दर आठवड्याला बदलता येणाऱ्या एका अटीवर उभी आहे. असल्या कमाईच्या भरवशावर नवीन हप्ता घेऊ नये.

वरच्या दिवसात पेट्रोल सोडून गाडीचे १६५ रुपये आहेत. ते आज खिशात दिसतात, पण ते टायरचे आणि पुढच्या गाडीचे आहेत. काम धरून ठेवायचं ठरलं तर त्यातले निदान शंभर रोज पिग्मीत टाका. १९२८ मध्ये उडुपीकडे सुरू झालेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्याकडं अजून गल्लोगल्ली आहे आणि रोज रोख हातात येणाऱ्या माणसासाठी तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पिग्मी मात्र बँकेची किंवा जुन्या, ऑडिट होणाऱ्या सोसायटीची असावी, आणि रोजची पावती किंवा मेसेज आलाच पाहिजे.

पार्सलवाल्यांचा हिशेब

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे जेवणाच्या ऑर्डरींपेक्षा पार्सलचं काम जास्त. तिथं पैसे पोचलेल्या पार्सलाचे मिळतात, नेलेल्या नव्हे. साठ पार्सलं घेऊन निघालात, बेचाळीस पोचली, पार्सलाला १४ रुपये, म्हणजे ५८८. नव्वद किलोमीटर झाले, गाडीचे ३६०. उरले २२८, नऊ तासांचे. उरलेल्या अठरा पार्सलांसाठी तुम्ही तेवढेच फिरलात, तेवढेच फोन लावलेत.

ही अठरा का राहतात ते लिहून काढा, त्यात तोडगा असतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज जाते, ओटीपी येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असूनही पार्सल देता येत नाही. लग्नसराईत किंवा सुगीत घराला कुलूप असतं. कॅशचं पार्सल असलं तर 'परवा या' ठरलेलं. निघण्याआधी हबवरूनच सगळ्यांना फोन लावून नाही म्हणणाऱ्यांची पार्सलं बाजूला काढली आणि गावं वारानुसार गटात बांधली तर नेलेल्यातली पोचणारी संख्या वाढते. हब ऐकत नसेल, सगळी पार्सलं आजच बाहेर काढा म्हणत असेल, तर त्यांच्या आकड्यासाठी तुमचं पेट्रोल जळतंय. पत्त्यापाशी पोचलात आणि दार बंद असेल तर दाराचा फोटो आणि कॉल केल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. 'फेक अटेम्प्ट' (न जाताच गेलो असं दाखवलं) म्हणून लावलेला दंड याच दोन गोष्टींनी परत मिळतो.

टिळकवाडीतल्या गल्लीत आणि खानापूरच्या जंगलातल्या वाडीत पार्सलाचा दर एकच असेल तर तो अन्याय स्पष्ट आहे. तिथं रूटवार दर किंवा पेट्रोल भत्ता मागा, आणि एकट्याने मागू नका. त्या हबच्या सगळ्या रायडरांनी सहीनिशी मागितलेलं फ्रँचायझीवाल्याला वर पाठवावं लागतं.

कुठला अन्याय हटतो, कुठला हटत नाही

एका ओळीत एक याप्रमाणे तक्रारी लिहा आणि प्रत्येकीपुढं विचारा, ही गोष्ट कोणाच्या हातात आहे?

चुकीची कपात, कारण न देता ब्लॉक केलेली आयडी, उशिरा आलेलं पेआउट, परत न दिलेलं डिपॉझिट यांना कागद आणि कायदा दोन्ही लागू पडतात, पाठपुरावा केला तर निकाल लागतो. टीएल माणसं बघून चांगले स्लॉट वाटत असेल तर तो टीएल बदलतो किंवा तुम्ही झोन बदलता, तेवढ्याने सुटतं. पण दर मुळातच इतका कमी आहे की अकरा तास राबूनही तासाला चाळीस पडत नाहीत, ही गोष्ट एकट्याच्या तक्रारीने हलत नाही. मागणी जरूर करावी, तिच्या आशेवर वर्ष काढू नये. यादीत पहिल्या प्रकारच्या तक्रारी जास्त असतील तर आधी लढा, मग ठरवा. शेवटच्या प्रकारची एकच असली तरी ती बाकी सगळ्यांवर भारी आहे.

तक्रार

कर्नाटकात २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून काम मिळणाऱ्यांसाठी, वेगळा कायदा झाला. त्यातल्या चार गोष्टी तोंडपाठ असाव्यात. कामावरून काढताना लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना द्यावी लागते. कराराच्या अटी बदलायच्या तर चौदा दिवस आधी कळवावं लागतं. पैसे किमान आठवड्याला द्यायचे आणि कपातीचं कारण सांगायचं. आणि करार साध्या शब्दांत, कन्नड, इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, कामगाराला कळणाऱ्या भाषेत मिळू शकतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. इंग्रजी करार कळला नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही, मराठीतली प्रत लेखी मागा. याच कायद्यात प्रत्येक व्यवहारामागे कामगाराच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायची तरतूद आहे. ते शुल्क कंपनीने भरायचं आहे, तुमच्या पेआउटमधून त्या नावाने काही कापलेलं दिसलं तर लगेच विचारा.

पहिली तक्रार ॲपमध्येच करा आणि तिकीट क्रमांक ठेवा. दुसरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने. मजकूर भावनेचा नको, आकड्यांचा हवा. असा:

'माझी रायडर आयडी ____. दि. ____ ते ____ या आठवड्याच्या पेआउटमधून ____ रुपये "____" या नावाने कापले आहेत. ऑर्डर क्रमांक ____. ही ऑर्डर मी ____ वाजता पोचवली. फोटो व कॉलची नोंद सोबत जोडली आहे. कपातीचं कारण आणि ती कराराच्या कोणत्या अटीनुसार केली ते ७ दिवसांत लेखी कळवावं, अन्यथा रक्कम पुढच्या पेआउटमध्ये जमा करावी.'

एका पत्रात एकच कपात. पाच गोष्टी एकत्र लिहिल्या की सोप्या एकीचं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

सात दिवसांत उत्तर नाही तर कामगार खात्याच्या बेळगाव कार्यालयात अर्ज. भाषेचा प्रश्न इथं येतोच. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. हा हक्क सोडू नये. पण फाइल ज्या टेबलांवरून जाते तिथं कन्नड चालते, म्हणून मराठी अर्जाला कन्नडमधली प्रत टाइप करून जोडा. काम लवकर होतं आणि 'समजलं नाही' हे कारण उरत नाही. दोन संच न्या, एकावर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असंच समजा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, १५१०० हा त्यांचा फोन आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

पगारी असाल तर तुमचा कायदा वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडल्यावर किंवा काढल्यावर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. बुडालेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, म्हणून गेल्या वर्षीचे पैसे बुडाले असं मानू नका.

सीमेवरच्यांनी एक गोष्ट तपासावी. राहायला निपाणीत आणि हब कागलला, किंवा राहायला बेळगावात आणि काम शिनोळी-चंदगडकडं, असं असेल तर कर्नाटकचा गिग कायदा त्या कामाला लागेलच असं धरू नका. तो कर्नाटकात होणाऱ्या कामासाठी आहे. आयडी कोणत्या शहराच्या नावाने आहे ते प्रोफाइलमध्ये बघा. केंद्राचा ई-श्रम (असंघटित कामगारांच्या नोंदणीचा) क्रमांक, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतात.

अंगावरचा धोका

पैशाचा हिशेब जमला तरी इथं निर्णय उलटू शकतो. तीन गोष्टी बघा. दहा तासांपेक्षा जास्त गाडीवर बसावं लागतं का? आठवड्यातून एकदा तरी वेळ गाठायला सिग्नल तोडावा लागतो किंवा उलट्या बाजूने जावं लागतं का? मान-कंबर दुखून सुट्टी घ्यावी लागते का? यातल्या दोन गोष्टींना हो असेल तर पुढचा पावसाळा या वेळापत्रकात काढू नका. ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या मागच्या टायरने, फोनकडं बघत चालवलेली गाडी घसरते तेव्हा सहा आठवडे प्लास्टर पडतं आणि तेवढे दिवस कमाई शून्य असते.

घरगुती वापराच्या विम्यावर डिलिव्हरी करताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तुमची पॉलिसी अशा वापराला चालते का, हे एजंटाला मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

काम सोडणार असलात तरी या आठवड्यातच ई-श्रम नोंदणी करून घ्या आणि सेवासिंधू या राज्य सरकारच्या पोर्टलवरून राज्याच्या गिग कामगार विमा योजनेत नाव घाला. बेळगाव वन किंवा गावातल्या ग्राम वन केंद्रात हे होतं. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक न्या. अपघाती मृत्यूला दोन आणि दोन मिळून ४ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख आणि अपघातानंतर दवाखान्याच्या खर्चाला १ लाखापर्यंत अशी त्याची रचना आहे, हप्ता सरकार भरतं. वारसाचं नाव नीट लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

अपघात झालाच तर ११२, आणि सिव्हिलमध्ये किंवा जिथं नेलं तिथं एमएलसी (पोलिसांना कळवायच्या अपघाताची दवाखान्यातली नोंद) नोंदवायला लावा. 'डिलिव्हरी करताना' हे शब्द त्या कागदावर आले पाहिजेत. ऑर्डर चालू असल्याचा स्क्रीनशॉट सोबत्याने त्याच वेळी काढावा. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे, दाखल करतानाच ती लागू करायला सांगा.

राहणं, अर्धं सोडणं, पूर्ण सोडणं

आता तुमच्या तासाच्या आकड्याशेजारी दुसरं काम ठेवा. ऐकीव पगार नको. उद्यमबाग किंवा मच्छेच्या दोन-तीन फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये जाऊन विचारा. निपाणीकडच्यांनी कागल एमआयडीसीत विचारावं. समजा १५,००० सांगितले. २६ दिवस आणि आठ तास धरले तर तासाला ७२. पण खानापूरहून जाण्या-येण्याचे दोन तास धरले तर ५८, आणि त्यातून प्रवासखर्च जायचा. त्यात ईएसआय आणि पीएफ असेल तर ते वेगळं मोजा. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, तुमच्याकडून फक्त ०.७५ टक्के जातात आणि घरच्यांचाही औषधोपचार होतो. ज्या घरात म्हातारे आई-वडील किंवा लहान मूल आहे त्या घराला हा दवाखाना महिन्याच्या हजार-दोन हजार रुपयांपेक्षा मोलाचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. फौंड्रीतली उष्णता आणि उभं राहून काम करणं सगळ्यांना झेपत नाही, तेही खरं. आधी आठवडाभर जाऊन बघा.

आमच्या मते बहुतेकांसाठी मधला रस्ता बरा. वहीतून तासावार ऑर्डरी काढा. बऱ्याच जणांच्या कमाईचा मोठा भाग दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते साडेदहा या पाच तासांत येतो, मधला वेळ पेट्रोल आणि वाट बघण्यात जातो. फक्त रात्रीचा स्लॉट ठेवला तर किलोमीटर निम्म्याने उतरतात आणि तासाचा आकडा चढतो. मोकळ्या झालेल्या दिवसात दुकानातलं काम, आयटीआयचा कोर्स किंवा मशीनवरचं प्रशिक्षण बसतं. अडचण एकच, आठवड्याच्या इन्सेंटिव्हला ठरावीक तास लागतात आणि ते हुकतात. म्हणूनच इन्सेंटिव्ह वगळलेला आकडा आधी काढायला सांगितला.

पूर्ण राहायचं ते या अटींवर: इन्सेंटिव्ह वगळूनही तासाचा आकडा दुसऱ्या कामाइतका पडतो, गाडीचे पैसे रोज बाजूला पडतात, आणि रोज दहा तासांच्या आत घरी येता येतं. एकही अट पुरी होत नसेल तर सोडा. दोनच पुऱ्या होत असतील तर तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी पुन्हा वही करा. घरी सांगताना कंपनीच्या तक्रारी सांगत बसू नका, वहीचं पान दाखवा. अकरा तास आणि ३६५ रुपये हे आकडे बघितल्यावर 'आहे ते कशाला सोडतोस' म्हणणारे बाबाही वेगळं बोलतात.

सोडायचं ठरलं तर

घरखर्च आणि हप्ते मिळून दीड-दोन महिने भागतील इतके पैसे बाजूला हवेत. ते नसतील तर आधी अर्धं सोडा.

दिवस निवडताना आठवड्याचं पेआउट आणि इन्सेंटिव्ह खात्यात पडल्यानंतरचा निवडा. त्याआधी गिऱ्हाइकांची सगळी कॅश भरून शिल्लक शून्य करा आणि शून्य दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. कंपनी तुमचे पैसे देणं लागत असली तरी तिची कॅश अडवून धरू नका. तुमची बाजू शंभर टक्के बरोबर असली तरी त्या क्षणी ती विश्वासघाताची फौजदारी तक्रार होते, आणि मग पोलीस ठाण्यात तुमच्या थकलेल्या पैशांचं कोणी विचारत नाही.

भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर परत देताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, मीटर आणि चार्जर त्यात दिसू दे, आणि घेतल्याची पोच लेखी घ्या. बॅग, टी-शर्ट परत करतानाही तसंच. जॉइन होताना कोरा चेक, सही केलेला बॉन्ड किंवा मूळ मार्कशीट दिली असेल तर राजीनाम्याच्या पत्रातच ती परत मागा. हा कागद मागे राहिला तर कॅशच्या खोट्या शॉर्टेजसाठी तो वापरला जातो.

आयडी स्वतःहून कायमची बंद करायची घाई नको. करारात अट नसेल तर लॉगिन थांबवा, तिकिटं आणि थकबाकी निकाली निघेपर्यंत ॲप, सिम आणि बँक खातं तेच ठेवा. पगारी असाल तर सूचनेचा काळ पत्रात असेल तितका द्या, पत्र नसेल तर तारीख टाकून लेखी कळवा आणि दोन दिवसांत हिशेब मागा.

शेवटी पॅन टाकून आयकराच्या साइटवर तुमचं २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचं पान) उघडा. बऱ्याच कंपन्या पेआउटमधून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरल्यावर ते पैसे परत येतात, दोन-तीन लाखांच्या पेआउटवर दोन-तीन हजार. रिटर्न भरताना बँक खातं आधीच पडताळून घ्या, नाहीतर परतावा मंजूर होऊनही खात्यात पडत नाही.